पाळक बदलून गेल्यावरचे रिकामे महिने: एका सेक्रेटरीताईंना उत्तर

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा. तुमच्या चर्चचे पाळक (पास्टर) नऊ वर्षं तुमच्यात होते. मे महिन्यात बदलीचं पत्र आलं आणि जूनच्या पहिल्या पावसात ते टेम्पोत सामान घालून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. निरोपाचा कार्यक्रम घाईत उरकला. पाच महिने झाले, नवे पाळक आलेले नाहीत. शेजारच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक महिन्यातून एकदा येऊन प्रभुभोजन (भाकर आणि प्याल्याचा विधी) देतात, बाकीचे रविवार कमिटी ओढून नेते. हजेरी दीडशेवरून सत्तरवर आली, वर्गणी घटली. काहीजण म्हणतात बिशपांकडे शिष्टमंडळ न्या, काहीजण म्हणतात झालं ते बरंच झालं. चाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसलेले तुमचे सासरे आता रविवारी घरीच असतात आणि म्हणतात, "ते होते म्हणून जात होतो." शेवटी तुम्ही विचारलंय, मग आमचा विश्वास देवावर होता की त्या एका माणसावर?

मी चौतीस वर्षं पाळकाचं काम केलं. या काळात सात मंडळ्या झाल्या. निवृत्तीनंतर तीन रिकाम्या मंडळ्या तात्पुरत्या सांभाळल्या, त्यातली एक चौदा महिने. म्हणजे निघून जाणारा, नवा येणारा आणि मधल्या काळात किल्ल्या सांभाळणारा, या तिन्ही जागी मी उभा राहिलो आहे. त्या अनुभवातून लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच तुम्हाला जास्त टोचतोय असं दिसतं.

बायबलच्या नव्या करारातलं सगळ्यात जुनं लिखाण कोणतं, असं विचारलं तर बहुतेक अभ्यासक थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राकडे बोट दाखवतात. ते साधारण इ. स. 50 च्या सुमाराचं. ते पत्र कोणाला लिहिलंय ते पाहा. प्रेषित पौलानं तिथल्या यहुदी सभास्थानात तीन शब्बाथ, म्हणजे तीन शनिवारचे विसाव्याचे दिवस, वादविवाद केला, थोडे लोक विश्वासात आले, तेवढ्यात गावात दंगल उसळली, यासोनाच्या घरावर जमाव चालून गेला आणि बांधवांनी पौल व सीला यांना रातोरात बिरुयाला पाठवून दिलं. निरोपसमारंभ नाही, पुढची व्यवस्था नाही, मागे उरले नुकतेच विश्वास ठेवलेले लोक. म्हणजे आपल्या हाती असलेलं ख्रिस्ती मंडळीचं बहुधा सर्वांत जुनं पत्र पाळक अचानक निघून गेलेल्या मंडळीला लिहिलेलं आहे. तुमची परिस्थिती अपवादात्मक नाही. मंडळीची गोष्ट इथूनच सुरू झाली.

त्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल सांगतो की त्याला राहवेना. तो अथेनैत (अथेन्समध्ये) एकटा राहिला आणि आपला सहकारी तीमथ्य याला थेस्सलनीकात धाडलं, ते लोक विश्वासात टिकलेत की नाही हे बघायला. हे मी मंडळ्यांना नेहमी वाचून दाखवतो. त्यांना माणसाची ओढ लागली होती आणि पौलाला त्यांची. पौल त्यांना यासाठी रागावत नाही. तुम्हीही आम्हाला भेटायला उत्कंठित आहात हे ऐकून आनंद झाला, असं तो लिहितो. आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत विश्वास कोणा ना कोणा माणसाच्या हातून येतो. आजी, संडे स्कूलच्या बाई, दवाखान्यात रात्रभर उशाशी बसलेले पाळक. ज्या हातानं भाकर मिळाली त्या हाताची आठवण येते म्हणून भाकर खोटी ठरत नाही. तुमच्या सासऱ्यांचं वाक्य मी अविश्वासाचं मानत नाही. ते दुःखाचं वाक्य आहे आणि त्यावर उपाय वेगळा आहे.

आता दुःखाबद्दल. मोशे मेला तेव्हा इस्राएल लोक मवाबाच्या मैदानात तीस दिवस रडले, आणि मग शोकाचे दिवस संपले, असं बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे. यहोशवा आधीच नेमलेला होता, त्याच्यावर मोशेनं हात ठेवलेले होते, तरीही कोणी म्हणालं नाही की नवा आलाय, रडता कशाला. तीस दिवस दिले. आपल्या मंडळ्यांत हे होत नाही. हार, शाल, ग्रुप फोटो, अल्पोपहार, की दुसऱ्या रविवारपासून सगळे असं वागतात जणू काही झालंच नाही. मग आत साठलेलं कुठेतरी फुटतं. ते झुंबराच्या खर्चावरून फुटतं, गायनमंडळाच्या साड्यांवरून फुटतं, बिशपांवर फुटतं. तुमच्याकडे निरोप घाईत उरकला म्हणजे हे साठलेलं जास्तच असणार.

पाच महिने झाले असले तरी उशीर झालेला नाही. एका रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवा. बाक बाजूला सारून गोल बसा. चहा असू दे. विषय एकच ठेवा: या नऊ वर्षांत आपल्या घरात काय काय घडलं आणि त्या वेळी मंडळी कशी आपल्याबरोबर होती. बाप्तिस्मे, लग्नं, माती, आजारपण, नोकऱ्या गेलेल्या. लोक पाळकांबद्दल बोलतील, बोलू द्या. कोणी रडेल. कोणी हेही म्हणेल की मला ते पटत नव्हते, माझ्या भावाच्या मातीच्या वेळी ते आले नाहीत. तेही ऐकून घ्या, उत्तर देऊ नका. शेवटी सगळ्यांनी मिळून जुन्या पाळकांच्या नव्या कामासाठी प्रार्थना करा, त्यांच्या नव्या मंडळीचं नाव घेऊन. नाव घेणं महत्त्वाचं. आपला माणूस आता दुसऱ्यांचा पाळक आहे, हे त्या क्षणी मनाला पहिल्यांदा कळतं.

रागाबद्दल एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे कमिटीतल्या म्हाताऱ्या मंडळींशी बोलणं सोपं जाईल. "आम्हाला न विचारता बदली केली" हा सूर नगरकडच्या मंडळ्यांत फार जुना आहे आणि त्याला इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आणि 1831 साली अहमदनगरला सुरू झालं, ते मुख्यतः काँग्रिगेशनल परंपरेचं होतं. त्या परंपरेत स्थानिक मंडळी स्वतःचा पाळक स्वतः बोलावते. त्या मिशनमागच्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. गावोगावच्या मंडळ्यांना त्यांचे स्वतःचे देशी पाळक असावेत, मंडळीनं स्वतःचा कारभार आणि खर्च स्वतः चालवावा, मिशनऱ्यानं काम सोपवून पुढे जावं, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 1924 मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली, आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तिथून आपल्याकडे बिशप आले आणि नेमणूक व बदली बिशपांच्या हाती गेली. पण घरातल्या आठवणी ठरावानं बदलत नाहीत. "आमच्या आजोबांच्या वेळी मंडळी पाळक निवडायची" असं कोणी म्हणालं तर तो माणूस भांडखोर आहे असं समजू नका. तो आपल्या आजोबांची मंडळीशास्त्राची शिकवण बोलतोय, इतकंच की त्याला ते ठाऊक नसतं. याउलट मेथॉडिस्ट मंडळ्यांत वार्षिक कॉन्फरन्समध्ये नेमणुका वाचून दाखवायची रीत आहे. तिथल्या माणसाला पाळक जाणारच हे लहानपणापासून माहीत असतं. बदलीचं दुःख त्यालाही होतं, पण अपमान वाटत नाही.

म्हणून शिष्टमंडळाबद्दल माझं मत असं: न्या, पण तीनच माणसं न्या, एक पत्र न्या, आणि पत्रात जुने पाळक परत द्या असं लिहू नका. मंडळीत किती कुटुंबं आहेत, किती म्हातारे अंथरुणाला खिळलेत, दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात किती मुलं अर्ध्यावर थांबलीत, पाळकगृहाची अवस्था काय, हे लिहा. नवे पाळक कधीपर्यंत, हे विचारा, आणि तोवरच्या काळासाठी शेजारच्या पाळकांची नेमणूक लेखी मागा. लेखी असलं की बरंच सोपं होतं. त्यांनी महिन्यातून एका रविवारी यायचं की दोन, दफनविधीला कोणाला बोलवायचं, हे तेव्हाच ठरतं. लग्नाचं तर विशेष. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे विधी लावणारा अधिकृत असावा लागतो, नोंदवही असते, आणि मंडळीच्या रीतीप्रमाणे त्याआधी उपासनेत लग्न जाहीर करायचं असतं. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे लग्न असेल तर आत्ताच बोलून ठेवा.

आता ज्यासाठी मुळात हे उत्तर लिहायला बसलो, त्याकडे येतो.

रिकाम्या काळात कमिट्या सगळी ताकद रविवारवर लावतात. उपदेशाला कोण येणार, बाहेरून कोणाला बोलवायचं, त्यांना मानधन किती, गाडी कोण पाठवणार. शनिवारी रात्रीपर्यंत फोन चालू. मी स्वतः पहिल्या रिकाम्या मंडळीत हेच केलं. चांगले चांगले वक्ते आणले. हजेरी तरीही घसरत गेली. पुढे माझ्या लक्षात आलं की गळालेल्यांपैकी कोणीच उपदेश आवडला नाही म्हणून गळालं नव्हतं. त्यांच्या दाराशी कोणी आलंच नव्हतं. पूर्वी पाळक सायकलवरून, मग मोटारसायकलवरून येत, ओट्यावर पाच मिनिटं बसत, कोणाच्या गुडघ्याचं विचारत, कोणाच्या दहावीचं. ते थांबलं की माणसाला वाटतं आपण मोजले जात नाही. मग एक रविवार चुकतो. कोणी विचारत नाही. दुसरा चुकतो. तिसऱ्याला लाज वाटते, आता कोणत्या तोंडानं जायचं. हजेरी अशी जाते, ताई. वादांमुळे चारदोन घरं जातात, बाकीची अशी गुपचूप जातात.

त्या चौदा महिन्यांच्या मंडळीत मी दर आठवड्याला जाऊ शकत नव्हतो. तिथे एक निवृत्त परिचारिका होत्या. मिशनच्या दवाखान्यात आयुष्य गेलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रक्तदाब मोजायचं यंत्र पिशवीत घातलं, सोबत शेजारची एक तरुण सून घेतली आणि घरोघर जायला सुरुवात केली. यंत्र बघून दार सगळेच उघडायचे. आधी रक्तदाब, मग एक स्तोत्र, मग दोन मिनिटांची प्रार्थना, की उठल्या. घरी येऊन त्या शाळेच्या दोनरेघी वहीत लिहीत. ती वही मी पाहिली आहे. एका पानावर असं होतं: "गुरुवार. घर 23. आजोबा झोपून. स्तोत्र 121 वाचलं, पुढचं त्यांनी तोंडपाठ म्हटलं. मुलगा पुण्याहून आला नाही. चहा केला नाही, साखर नव्हती." त्याखाली दुसऱ्या शाईत, दोन दिवसांनंतरची तारीख आणि एवढंच: "साखर 2 किलो, तूरडाळ 1. सून देऊन आली." उपासनेत याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पुढच्या महिन्यात तो पुण्याचा मुलगा रविवारी बायको-मुलांसह येऊन मागच्या बाकावर बसला. कोणीतरी त्याला फोन केला असणार. कोणी ते मी कधी विचारलं नाही.

तुम्ही हे करा. तुमच्याकडे साठेक कुटुंबं आहेत असं तुम्ही लिहिलंय. सहा जोड्या करा, प्रत्येक जोडीला दहा घरं. जोडीत एक वयस्कर, एक तरुण, आणि निदान एक बाई. महिन्यातून एकदा प्रत्येक घर. वीस मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही, जेवणाच्या वेळी जायचं नाही. "का येत नाही चर्चला?" हा प्रश्न विचारायचा नाही. पाळकांचा, बिशपांचा, कमिटीचा विषय आपण काढायचा नाही. समोरच्यानं काढला तर ऐकायचं आणि वहीत एका ओळीत लिहायचं. घरात वाचता येणारं मूल असेल तर शास्त्र त्याच्याकडून वाचून घ्यायचं. सुरुवात जे येणं थांबलेत त्यांच्यापासून. आणि एक नियम कडक पाळा: घरात कळलेली गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये, प्रार्थनेची विनंती म्हणूनही नाही. कोणाच्या नवऱ्याचं पिणं आणि कोणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न प्रार्थनेच्या नावाखाली ग्रुपवर फिरलेलं मी पाहिलंय. ते घर परत आलं नाही.

काहीजण जवळच्या एखाद्या स्वतंत्र फेलोशिपमध्ये जायला लागले असतील. त्यांच्याकडेही जा. तिथे कसलं शिकवतात यावर वाद घालू नका. तुमच्याकडे त्यांचे बाप्तिस्मे झालेत, त्यांच्या आईवडिलांच्या कबरी तुमच्या दफनभूमीत आहेत, हे नातं तसंच आहे. त्यांना नाताळला बोलवा.

सासऱ्यांबद्दल वेगळं सांगतो. त्यांना ओढून आणू नका, मुलांकरवी भावनिक गळ घालू नका. शेजारचे पाळक पुढच्या वेळी प्रभुभोजनाला येतील तेव्हा उपासनेनंतर भाकर आणि प्याला घेऊन त्यांना तुमच्या घरी यायला सांगा. आजारी आणि वृद्धांना घरी प्रभुभोजन देण्याची आपली रीत आहेच. आधी त्यांना विचारा, नको म्हणाले तर थांबा. आणि त्यांना एक काम द्या, ज्याला चर्चला यावं लागत नाही. चाळीस वर्षांत या मंडळीत कोण कोण पाळक होते, कोणत्या साली आले, कोणत्या साली गेले, हे त्यांना एका कागदावर उतरवायला सांगा. चाळीस वर्षांत सात-आठ नावं तरी निघतील. प्रत्येकाच्या जाण्याच्या वेळी काय झालं, तेही त्यांना आठवेल. मागची माणसंही अशीच प्रिय होती आणि गेली, आणि मंडळी राहिली, हे त्यांना त्यांच्याच हातच्या कागदावर दिसेल. तुम्ही ते बोलून दाखवायची गरज नाही.

रविवारबद्दल फार लिहीत नाही. वेळ बदलू नका, घंटा त्याच वेळी वाजू द्या, नेहमीचा उपासनाक्रम ठेवा. बाहेरचा वक्ता महिन्यातून एकदा पुरे. बाकी दिवशी कमिटीतल्या किंवा तरुण संघातल्या कोणीतरी दहा मिनिटांचं मनन वाचून दाखवलं तरी चालतं. आपल्याकडे भजनाची मोठी ठेव आहे. नारायण वामन टिळकांची पदं खेड्यातल्या अक्षरओळख नसलेल्या बायकांनीही पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ केली. पेटी-तबला काढा, एक रविवार पूर्ण भजनाचा ठेवा. उपदेशक नाही म्हणून उपासना उणी राहिली, असं त्या दिवशी कोणाला वाटणार नाही. दृढीकरणाचा वर्ग मात्र थांबवू नका. मुलं अर्ध्यावर सुटली की ती पुन्हा धरणं फार अवघड जातं. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हीच घ्या.

पैशाचं म्हणाल तर दोनच गोष्टी. "पाळक नाही तर वर्गणी कशाला" असं म्हणणाऱ्यांना सांगा की धर्मप्रांताचा, म्हणजे बिशपांच्या विभागाचा, हप्ता चालूच असतो, विजेचं बिल येतं, शेजारच्या पाळकांचा प्रवासखर्च आहे, आणि पाळकगृह रिकामं असताना त्याची पडझड जास्त होते. दुसरं, अर्पणाची थैली दर रविवारी वेगवेगळ्या दोघांनी मोजायची आणि आकडा त्याच दिवशी फळ्यावर लिहायचा. संशय रिकाम्या घरात सगळ्यात आधी शिरतो. फळ्यावर आकडा दिसला की निम्मी कुजबुज थांबते. तुम्हाला दिलेलं हे उत्तर एखाद्या स्वतंत्र मंडळीतलं कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी एवढं जोडतो: मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल आणि गेलेले पाळक विश्वस्त असतील, तर तो बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवावा लागतो. बँकेतल्या सह्याही लगेच बदलून घ्या. हे राहून गेलं की पुढे चांगल्या माणसांतही वितुष्ट येतं.

जुन्या पाळकांच्या फोनचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो असणारच. तुमच्यातली काही घरं त्यांना रोज फोन करत असतील, कमिटीत काय झालं ते सांगत असतील. ते प्रेमळ असतील तर ऐकून घेत असतील. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण नव्या माणसासाठी जमीन यातूनच कठीण होते. कमिटीच्या वतीनं त्यांना आदरानं पत्र लिहा: वर्षभर तुम्ही इथल्या लग्नाला, बारशाला, मातीला यायचं झालं तर नव्या किंवा तात्पुरत्या पाळकांच्या बोलावण्यानंच या, आणि मंडळीच्या ग्रुपमधून बाहेर पडा. मी स्वतः हे पहिल्या बदलीत केलं नाही. एका घरच्या आग्रहाखातर बाप्तिस्म्याला परत गेलो. माझ्यानंतर आलेले तरुण पाळक त्या दिवशी मागच्या बाकावर बसून होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांच्या मंडळीत, त्यांच्यासमोर, त्यांनी द्यायचा बाप्तिस्मा मी दिला. पुढच्या प्रत्येक बदलीत मी निघताना मंडळीला उघड सांगत असे: तुमच्यावर माझं प्रेम आहे, आणि तुमचा पाळक आता मी नाही.

नव्यांच्या बाबतीतही माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या नव्या पाळकांकडून होऊ शकते आणि तुम्ही ती टाळू शकता. तिसऱ्या मंडळीत गेल्यावर महिन्याभरातच मी उपासनेची वेळ दहाऐवजी साडेआठ केली. उन्हाळा होता, मला ते शहाणपणाचं वाटलं. त्या गावात सकाळी धारा काढून दूध संकलन केंद्रावर घालायचं आणि मग चुलीवरचं आवरून बायका चर्चला यायच्या. साडेआठला त्यांना शक्यच नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त यायच्या बंद झाल्या. दोन महिन्यांनी एका आजींनी विहिरीवर मला म्हटलं, "पाळकसाहेब, तुमची घंटा वाजते तेव्हा माझे हात म्हशीच्या कासेला असतात." मी पुढच्या रविवारी वेळ परत दहा केली आणि उभं राहून क्षमा मागितली. हे मला पहिल्या आठवड्यात कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण कमिटीला वाटलं, नव्या पाळकांना कसं सांगायचं. तुमच्याकडे असं होऊ देऊ नका. गावाची घडी, दुधाची वेळ, ऊसतोडीला जाणारी घरं, शाळेच्या सुट्ट्या, हे सगळं त्यांना पहिल्याच बैठकीत सांगा. बदल नको म्हणून नाही, त्यांना ते ठाऊक असावं म्हणून.

नवे पाळक येतील त्या दिवशी त्यांच्यासमोर दोन्ही गटांनी आपापली बाजू मांडायची घाई करू नये, हे कमिटीत आधीच ठरवा. पहिला महिना कोणी गाऱ्हाणं घेऊन पाळकगृहात जायचं नाही. पहिल्या रात्रीचं जेवण ज्या दोन घरांचं एकमेकांशी पटत नाही त्या दोन घरांनी मिळून द्यावं, असं मी एका ठिकाणी सुचवलं होतं आणि त्यांनी ते केलं होतं. एकानं भाकरी, एकानं रस्सा. पाळकगृहाचं छप्पर, मोरी आणि विजेची बटणं त्याआधी बघून घ्या. लहान मुलं असतील तर खिडक्यांना जाळी लावून घ्या.

त्यांच्या हातात चर्चच्या किल्ल्या, दप्तर आणि जमाखर्च द्याल तेव्हा घरभेटींच्या त्या सहा वह्याही द्या. सासऱ्यांनी लिहिलेला कागद पहिल्या वहीत ठेवा. त्यात शेवटच्या पाळकांच्या नावापुढे जाण्याचं साल त्यांनी स्वतः लिहिलंय ना, तेवढं बघा. नसेल तर तुम्ही लिहू नका, नवे पाळक त्यांच्याकडे पहिल्या भेटीला जातील तेव्हा त्यांच्यासमोर लिहितील.